सालीचे औषध आणि आपली भूमिका

आळंदीहून निघालेली पालखी विश्रांतवाडीवरून पुण्याकडे गेली, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एक जुने साथी सकाळीच माझ्या घरी आले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. युनियनच्या कामात आणि पक्षाच्या प्रत्येक मोर्चात ते पुढे असत. त्यांच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले होते; शस्त्रक्रिया झाली होती आणि दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध देण्याचा उपचार चालू होता. केस गेले होते, तळपाय बधिर झाले होते, अन्नावरची वासना उडाली होती.

साथींनी पिशवीतून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. किंमत अडीच हजारांच्या वर. आत तपकिरी भुकटीच्या कॅप्सूल. वेष्टनावर पिसांचा मुकुट घातलेल्या आदिवासीचे चित्र आणि खाली मजकूर असा की, दक्षिण अमेरिकेच्या जंगलातील ‘पाव द आर्को’ नावाच्या वृक्षाची ही अंतर्साल असून शतकानुशतके तेथील लोक तिच्या बळावर असाध्य रोग बरे करीत आले आहेत. साथी म्हणाले, “सर, तुम्ही डॉक्टर नाही हे मला ठाऊक आहे. पण भांडवलशाही आम्हांला तुम्हीच शिकवलीत. हे औषध स्वस्तात मिळू शकते म्हणून मोठ्या कंपन्यांनी दाबून ठेवले, असे विकणारा सांगतो. आपणही आयुष्यभर हेच सांगत आलो की कंपन्यांना रोग्याशी देणेघेणे नाही, नफ्याशी आहे. मग पुढचा डोस महिनाभर लांबवून ही साल देऊन पाहिली, तर काय बिघडले?”

या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. प्रश्न अडाणीपणाचा असता तर उत्तर सोपे होते. परंतु तो आपल्याच शिकवणुकीतून निघालेला होता. औषध कंपन्यांवरचा आपला अविश्वास रास्त आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. त्याच अविश्वासाचे भांडवल करून दुसरा एक व्यापारी आपल्या घरात शिरतो, तेव्हा कार्यकर्त्याने काय भूमिका घ्यावी, याचा विचार आपल्या चळवळीत फारसा झालेला नाही. तो व्हावा म्हणून हे टिपण लिहीत आहे.

प्रथम या सालीविषयी. पाव द आर्को किंवा लापाचो हे वृक्ष ब्राझिल, पॅराग्वे, अर्जेंटिना या देशांत आढळतात. मुंबईच्या पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या बाजूस वसंतात गुलाबी फुलांनी लहडणारी झाडे ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी या कुळातील एक भाऊबंद पाहिला आहे. दक्षिण अमेरिकेतील लोक या झाडाच्या आतल्या सालीचा काढा ताप, जखमा, आमांश आणि त्वचारोग यांवर वापरीत आले, ही गोष्ट खरी आहे. या झाडांतील ‘लापाचॉल’ नावाचे द्रव्य १८८२ मध्येच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे काढले. प्रयोगशाळेत ते काही जंतूंना आणि प्राण्यांतील काही गाठींना रोखते असे दिसले. १९६० च्या दशकात ब्राझिलमध्ये या सालीने कर्करोग बरा होतो अशी हाकाटी झाली आणि तिच्यासाठी लोकांची झुंबड उडाली.

आता ‘दाबून ठेवले’ या आरोपाकडे पाहू. हे द्रव्य कोणी दडपले नाही; उलट अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सरकारी खर्चाने त्याची रोग्यांवर चाचणी केली. निष्कर्ष असा निघाला की, तोंडाने घेतलेल्या लापाचॉलचे रक्तातील प्रमाण गाठीवर परिणाम होण्याइतके चढतच नाही. आणि ते चढावे म्हणून मात्रा वाढवली तर मळमळ, उलट्या सुरू होतात व रक्त गोठण्यास वेळ लागू लागतो. १९७० मध्ये हे प्रयोग थांबविण्यात आले. त्यानंतरच्या अर्धशतकात ही साल माणसाचा कर्करोग बरा करते असे दाखविणारी भरवशाची चाचणी पुढे आलेली नाही. १९८८ मध्ये कॅनडात बाजारातील नमुने तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत लापाचॉल सापडलेच नाही. या वृक्षाचे लाकूड अतिशय टणक आणि महाग. त्यासाठी अमेझॉनचे जंगल इतके तोडले गेले की २०२२ मध्ये या वृक्षांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालण्याचा निर्णय घ्यावा लागला. तेव्हा बाटलीत खरोखर कोणत्या झाडाची साल आहे, आतली आहे की बाहेरची, की लाकूड कापण्याच्या गिरणीतील भुसा आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असण्याची शाश्वती नाही.

धोका कोठे आहे, हेही यावरून स्पष्ट व्हावे. कर्करोगाच्या औषधांनी रक्तातील पेशी आधीच घटलेल्या असतात. त्यात रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करणारी वस्तू, तीही किती मात्रेत आहे हे माहीत नसताना, घेणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण देणे होय. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, शस्त्रक्रिया व्हावयाची आहे अशांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर तिच्या वाटेस जाऊच नये. याहूनही मोठा धोका साथींच्या प्रश्नातच होता. त्यांना पुढचा डोस लांबवावयाचा होता. निरुपयोगी औषध पुष्कळदा स्वतः मारीत नाही. उपयोगी औषधाची वेळ टळते आणि रोगाला सवड मिळते.

परंतु एवढे सांगून थांबणे मला पुरेसे वाटत नाही. दक्षिण अमेरिकेतील आदिवासींची साल म्हणजे भाकडकथा, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो इतिहासाला धरून होणार नाही. ज्या एका औषधाने जगाच्या नकाशावर सर्वाधिक परिणाम घडविला, ते औषध त्याच खंडातील दुसऱ्या एका झाडाच्या सालीतून निघाले. आपल्या आजीच्या पिढीला ते ‘कोयनेल’ या नावाने माहीत होते आणि कडूपणाची उपमा आजही कोयनेलाचीच देतात. ते क्विनाईन, सिंकोना वृक्षाच्या सालीचे सत्त्व.

अँडीज पर्वतातील या सालीचा गुण सतराव्या शतकात जेझुइट धर्मोपदेशकांमार्फत युरोपला कळला. तीस अनेक दंतकथा चिकटल्या. पण औषध म्हणून तिची खरी प्रतिष्ठापना झाली ती १८२० मध्ये, पेल्तिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून क्विनाईन वेगळे काढले तेव्हा. त्यापूर्वी एका झाडाच्या सालीत शेकडा एक-दोन भाग गुणकारी द्रव्य, तर दुसऱ्या जातीत दहाहून अधिक, अशी स्थिती असे. एकाच चमच्याने एक रोगी कोरडा राहावयाचा आणि दुसऱ्याला विषबाधा व्हावयाची. क्विनाईन तोलून देता येऊ लागले, तेव्हा ही अडचण दूर झाली. तरीही ते सौम्य औषध नव्हे. कानात घंटानाद होणे, ऐकू कमी येणे, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ हे त्याचे नेहमीचे त्रास. रक्तातील साखर एकाएकी उतरणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे, रक्तातील बिंबिका नष्ट होणे हे त्याचे गंभीर धोके. गुण येण्याची मात्रा आणि अपाय होण्याची मात्रा यांत फारसे अंतर नाही. म्हणून आता गंभीर हिवतापात आर्टेसुनेट हे पहिल्या पसंतीचे औषध झाले असून क्विनाईन राखीव म्हणून वापरले जाते. आणि पायात गोळे येण्यावर ते घेण्याची जुनी पद्धत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धोकादायक ठरविली आहे.

या सालीचे अर्थकारणही पाहण्यासारखे आहे. अँडीजमधील राष्ट्रांनी आपली रोपे व बिया बाहेर जाऊ नयेत म्हणून प्रयत्न केले. साम्राज्यवादी सत्तांनी त्या पळविल्या. १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅमने आणलेली रोपे निलगिरीत लावली गेली. आपल्याकडेही मुंबई सरकारने त्याच दशकात महाबळेश्वरच्या लिंगमळ्यास सिंकोनाची लागवड करून पाहिली. तेथील पावसापुढे ती टिकली नाही. सर्वांत कसदार बी चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याला मिळाले, ते मान्युएल इन्क्रा मामानी या बोलिव्हियातील आदिवासी सोबत्याच्या ज्ञानामुळे. इंग्रजांनी ते घेण्याची टाळाटाळ केली आणि डचांनी घेतले. मामानीला पुढे बी गोळा करण्याच्या गुन्ह्याखाली तुरुंगात मारहाण झाली आणि १८७१ मध्ये तो मरण पावला. त्या बियांपासून जावा बेटात जे मळे उभे राहिले, त्यांनी जगातील क्विनाईनचा बहुतेक सर्व व्यापार डचांच्या हाती दिला. १९१३ पासून ॲमस्टरडॅम येथील संघटनेने उत्पादन किती व्हावे आणि भाव काय असावा हे ठरविण्यास आरंभ केला.

हिंदुस्थानात निलगिरी आणि दार्जिलिंग भागात सरकारी मळे व कारखाने होते. १८६६ ते १८६८ या काळात मद्रासमध्ये झालेल्या चौकशीत सिंकोनातील चारही क्षार तापावर चालतात असे सिद्ध झाले, म्हणून स्वस्त मिश्रण तयार करता आले. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून पैशाला एक पुडी या दराने क्विनाईन विकले जाऊ लागले. तपासलेले औषध सरकारने करावे आणि नाममात्र किमतीत खेड्यापर्यंत पोचवावे, ही कल्पना परकीय सत्तेलाही सुचली होती. मात्र गरजेच्या मानाने हा पुरवठा सदैव अपुराच राहिला. १९४२ मध्ये जावा जपानच्या हाती पडले, जगाचा पुरवठा तुटला आणि जे काही उरले त्यावर पहिला हक्क सैन्याचा ठरला. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात भुकेने खंगलेली माणसे हिवतापाने लाखोंनी मेली. औषध अस्तित्वात होते, ते गुणकारी आहे हे सिद्ध झाले होते. तरी ते गरिबापर्यंत पोचले नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि ८ लाख दगावत, असा अंदाज आहे.

हा इतिहास मी साथींना सांगितला. मग विचारले, “वहिनींना शिरेतून जे औषध देतात, त्याचे नाव काय?” त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर पॅक्लिटॅक्सेल असे लिहिले होते. मी म्हटले, “साथी, वहिनींना सालीचेच औषध चालू आहे.”

पॅक्लिटॅक्सेल हे द्रव्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीत सापडले. ते शोधून १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक मन्सुख वाणी हे १९२५ मध्ये आपल्या नंदुरबारला जन्मले आणि मुंबई विद्यापीठात शिकले. दुसरे मन्रो वॉल. याच जोडीने १९६६ मध्ये एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्यही वेगळे काढले होते. यूची साल गोळा करण्यापासून पॅक्लिटॅक्सेलला मान्यता मिळेपर्यंत, म्हणजे १९६२ पासून १९९२ पर्यंत, तीस वर्षे गेली. साल सोलली की झाड मरते, म्हणून पुढे त्याच कुळातील झाडांच्या पानांपासून ते तयार करण्याची रीत काढावी लागली. पांढऱ्या पेशी घटणे, हातपाय बधिर होणे, पहिल्या डोसाच्या वेळी जोरदार ॲलर्जी येणे, हे अपाय या तीस वर्षांत नोंदले गेले; त्यांवर काय करावे हेही ठरले. वहिनींचे तळपाय बधिर होतात हे डॉक्टरांना आधीच माहीत असते आणि त्याप्रमाणे मात्रा कमी करता येते. त्या बाटलीतील भुकटीचे अपाय कोणी मोजलेलेच नाहीत. तिला ‘अपाय नाहीत’ असे म्हणतात त्याचा खरा अर्थ एवढाच.

याही औषधात नफेखोरी आहे आणि ती झाकण्याचे मला कारण नाही. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये हिशेब मांडला. या औषधाच्या संशोधनावर तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००२ पर्यंत ४८ कोटी ४० लाख डॉलर जनतेचे पैसे खर्च केले. ते बाजारात आणण्याचा हक्क मिळालेल्या कंपनीने आपण सुमारे १०० कोटी डॉलर खर्चल्याचे सांगितले आणि ९०० कोटी डॉलरची विक्री केली. सरकारी तिजोरीस स्वामित्वधनापोटी मिळाले साडेतीन कोटी. आपल्या देशात हे औषध त्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळते, याचे श्रेय १९७० च्या पेटंट कायद्याला आहे. औषधाच्या वस्तूवर पेटंट न देण्याच्या त्याच्या तरतुदीमुळे भारतीय कारखान्यांना ते बनविता आले. ही तरतूद २००५ मध्ये गेली. आज पॅक्लिटॅक्सेल आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, म्हणून त्याच्या किमतीवर मर्यादा आहे.

तात्पर्य, तीनही साली निसर्गाच्या आणि तिघींमागे स्थानिक लोकांचे ज्ञान किंवा त्यांचे श्रम. त्यांपैकी दोन औषधे झाली, कारण कोणीतरी द्रव्य वेगळे काढले, मात्रा ठरविली, माणसांवर उघडपणे तपासले आणि अपायांची नोंद केली. तिसरीही तपासली गेली आणि ती कसोटीला उतरली नाही. कसोटीला उतरलेल्या औषधाचा दाम कोणी आणि किती घ्यावा, हा आपला लढा आहे. कसोटीलाच न उतरलेली वस्तू विकणारा त्या लढ्यात आपल्या बाजूचा होत नाही. तोही भांडवलदारच, फरक इतकाच की त्याने संशोधनावर एक पैसाही खर्च केलेला नाही. आणि ज्या आदिवासीचे चित्र बाटलीवर आहे, त्याच्या पदरात त्या अडीच हजारांतील किती पडले असतील, हे मामानीच्या कथेवरून ओळखावे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परदेशी सालीचे राहू द्या, आपली झाडपाला औषधे तरी निर्धोक आहेत. सातविणीची साल एके काळी क्विनाईनऐवजी दिली जाई, कुड्याची साल आमांशावर आजही घरोघर वापरतात. या परंपरेची टवाळी करणे मला मान्य नाही. पण परंपरा म्हणजे तपासणीतून सूट नव्हे. करोनाच्या काळात लोकांनी गुळवेलीचा काढा महिनोन् महिने घेतला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२० च्या अखेरच्या चार महिन्यांत त्यामुळे यकृतास इजा झालेले सहा रुग्ण नोंदले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष नाकारला. वाद असू शकतो; पण त्याचा निवाडा मोठ्या, उघड पाहणीनेच झाला पाहिजे, पत्रके काढून नव्हे. चीनमध्ये तू योयो यांनी १९६७ साली सुरू झालेल्या सरकारी प्रकल्पात जुन्या ग्रंथातील वनस्पती घेतली, तिचे सत्त्व काढले, आधी स्वतःवर आणि मग रोग्यांवर तपासले. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. परंपरेचा मान राखण्याची ही खरी रीत होय.

दुसरा आक्षेप असा की, सरकार आणि मोठे डॉक्टर तरी कोठे पुराव्याने चालतात? हा आक्षेप मला मान्य आहे. क्विनाईनच्या रचनेवरून घडविलेल्या कृत्रिम औषधांच्या कुळातील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मार्च २०२० मध्ये पुरेशा पुराव्याविना आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून सुचविण्यात आले. धारावी आणि वरळीतील वस्त्यांना ते वाटण्याची योजनाही जाहीर झाली आणि पुरावा नाही म्हणून पुढे ती थांबवावी लागली. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने रुग्णालयातील रोग्यांना त्याचा लाभ होत नाही असे दाखविले. राज्यकर्त्यांच्या घाईने कसोटी बाद होत नाही. ती त्यांनाही लावली पाहिजे, एवढेच यावरून सिद्ध होते.

मग आपला साथी त्या बाटलीकडे का वळला? दवाखान्यात त्याला तास-तास रांगेत उभे राहावे लागले आणि डॉक्टरांशी दोन मिनिटे बोलता आले. बाटली विकणारा मात्र त्याच्या घरी येऊन तासभर बसला, चहा प्यायला, वहिनींची विचारपूस करून गेला. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करतात. सार्वजनिक आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च २०२५ पर्यंत करू, असे २०१७ च्या धोरणाने सांगितले होते. ते वचन पाळले गेले नाही. या पोकळीत भुकटी विकली जाते.

आपल्या शेजारच्याच पिंपरीचे उदाहरण घ्या. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा देशातील पहिला सार्वजनिक औषध कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन हे जीवनदायी औषध परदेशी मक्तेदारीतून सोडविणे हा त्याचा हेतू होता. १९७५ मध्ये हाथी समितीने सार्वजनिक क्षेत्राला औषध उद्योगात अग्रस्थान द्यावे आणि व्यापारी नावे क्रमाक्रमाने रद्द करावीत असे सुचविले. झाले ते उलटेच. १९७९ मध्ये किंमत नियंत्रणाखाली ३४७ औषधे होती, ती १९९५ पर्यंत ७४ वर आली. पिंपरीचा कारखाना आजारी पडत गेला आणि २०१६ मध्ये त्याची जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. सरकारी कारखाना असा वाऱ्यावर सोडला जात असताना जाहिरातींवरील अंकुशही सैल होत गेला. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा १७० क्रमांकाचा नियम २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये सरकारने तो काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने त्यास दिलेली स्थगितीही ऑगस्ट २०२५ मध्ये उठली.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सालीचे असो वा कारखान्यातील रसायनाचे, रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक औषधाला एकच कसोटी लागू करा. वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, भाग आणि मात्रा छापणे सक्तीचे करा. जाहिरातीस पूर्वपरवानगीचा नियम पुन्हा आणा. १९५४ च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्याने कर्करोगासह अनेक रोगांवरील फसव्या जाहिरातींना बंदी घातली आहे, तिची अंमलबजावणी करा. देशी वनस्पतींची तपासणी सरकारी खर्चाने करा आणि निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, प्रसिद्ध करा. सार्वजनिक औषध कारखाने पुन्हा उभे करा.

मागण्यांबरोबर काही काम आपण आजच करू शकतो. दरवर्षी पालखीच्या दिवशी विश्रांतवाडीच्या चौकात आपले कार्यकर्ते वारकऱ्यांना पाणी देतात. त्याच मांडवात एक टेबल असावे आणि तेथे कोणी बाटली, पुडी वा काढा घेऊन आला तर त्याच्याशी शांतपणे बोलणारी दोन माणसे असावीत. त्यांनी पाच प्रश्न विचारावेत: हे कोणत्या झाडाचे? मात्रा किती? माणसांवर कोठे तपासले? चालू असलेल्या औषधांबरोबर घेतले तर काय होते? अपाय झाला तर जबाबदार कोण? उत्तरे मिळाली नाहीत तर वस्तू डॉक्टरांना दाखवावी. अपाय झालाच तर त्याची नोंद २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे करता येते. रुग्ण स्वतःही ती करू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोग्याची कुचेष्टा करू नये. मरणाच्या भीतीने माणूस काडीचा आधार शोधतो. त्याला अंधश्रद्ध म्हणून हिणवले तर तो पुढच्या वेळी बाटली लपवून ठेवतो, आणि तेच सर्वांत घातक असते.

साथींनी त्या दिवशी बाटली परत पिशवीत ठेवली. दोन दिवसांनी आम्ही दोघे ती घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वेष्टन वाचले, रक्ताची तपासणी करविली आणि भुकटी ताबडतोब बंद करावयास सांगितली. ते रागावले नाहीत, हे मी मुद्दाम नमूद करतो. पायांच्या बधिरतेची तक्रार त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकून घेतली आणि मात्रा थोडी कमी केली. वहिनींचा पुढचा डोस ठरल्या दिवशी झाला. बाहेर बाकावर बसल्या बसल्या साथी मला म्हणाले, “नंदुरबारच्या माणसाचे हे औषध, हे मला कोणीच सांगितले नव्हते.”

त्यांना ते सांगणे हे आपले काम होते.